पगारदाराची बचत आणि मधल्या माणसाचा मोबदला

१ नोव्हेंबर २००५ या तारखेने महाराष्ट्रातील शिक्षकांचे आणि कारकुनांचे दोन वर्ग केले आहेत. त्या दिवसापूर्वी जो शासकीय किंवा अनुदानित सेवेत रुजू झाला, त्याचे निवृत्तिवेतन सर्वसाधारणपणे अखेरच्या पगारावरून ठरते. त्या दिवशी वा त्यानंतर जो रुजू झाला, त्याच्या वाट्याला अंशदानाची योजना आली. सातारा किंवा सांगली जिल्ह्यातील एखाद्या हायस्कुलाच्या शिक्षककक्षात हे दोघेही एकाच टेबलाशी बसलेले आढळतात. शिकवतात तोच अभ्यासक्रम, तपासतात त्याच उत्तरपत्रिका. परंतु म्हातारपणी हाती काय पडणार हे एकाला ठाऊक आहे आणि दुसऱ्याला ते शेअर बाजाराला विचारावे लागते. मार्च २०२३ मध्ये राज्यातील कर्मचाऱ्यांनी जो संप केला, त्याच्या मुळाशी हीच विषमता होती. पुढे २०२४ मध्ये शासनाने खात्रीच्या निवृत्तिवेतनाकडे झुकणारे पर्याय पुढे ठेवले हे खरे. तथापि विनाअनुदानित शाळांतील शिक्षक, तासिका तत्त्वावर महाविद्यालयांत राबणारे प्राध्यापक आणि खासगी पेढ्यांतील कारकून यांना त्यांतून काहीच मिळावयाचे नाही. त्यांची म्हातारपणाची तरतूद त्यांनाच करावयाची आहे.

पूर्वी मधल्या सुटीत महागाई भत्त्याच्या हप्त्याची नाही तर वेतन आयोगाच्या फरकाची चर्चा होई. अलीकडे तेथे निराळाच प्रश्न ऐकू येतो : ‘ईटीएफ घ्यावा की म्युच्युअल फंड?’ प्रश्न विचारणाऱ्याच्या हातात बहुधा मोबाइल असतो आणि उत्तर देणाऱ्याला स्वतःच्या उत्तराविषयी जरा अधिकच खात्री असते. वास्तविक हा प्रश्न या स्वरूपात विचारणेच चूक आहे. कारण आपल्या देशात ईटीएफ, म्हणजे एक्स्चेंज ट्रेडेड फंड, हीदेखील म्युच्युअल फंडाचीच एक योजना असते; तिच्यावर देखरेख सेबीचीच असते आणि अनेकांचे पैसे एकत्र करून रोखे घेण्याचे तत्त्वही तेच. म्हणजे ज्वारी घ्यावी की धान्य, असे विचारण्यासारखे हे झाले.

या एका प्रश्नाच्या पोटात तीन वेगळे प्रश्न दडलेले आहेत आणि ते सुटे केल्याशिवाय उलगडा होत नाही. पहिला, कोणत्या कंपन्यांचे शेअर घ्यावयाचे हे एखाद्या निष्णात व्यवस्थापकाने ठरवावे, की निफ्टी अथवा सेन्सेक्स या निर्देशांकात ज्या कंपन्या ज्या प्रमाणात असतील त्या तशाच घ्याव्यात? दुसरा, युनिट घ्यावयाचे ते फंडाकडून त्या दिवसाच्या निव्वळ मूल्याने, की शेअर बाजारात दुसऱ्या कोणा विकणाऱ्याकडून चालू भावाने? आणि तिसरा, हा व्यवहार एजंटामार्फत करावयाचा की स्वतः? ईटीएफविषयीच्या उत्साहात या तिन्ही प्रश्नांची सरमिसळ झाली आहे. निर्देशांकाबरोबर चालण्याचा जो फायदा ईटीएफच्या खात्यावर जमा केला जातो, तो साध्या निर्देशांक फंडातही तितकाच मिळतो. त्यासाठी बाजारात उतरावेच लागते असे नाही.

निर्देशांक फंडाची कल्पना आता पन्नाशीची झाली. अमेरिकेत जॉन बोगल यांनी १९७६ मध्ये सामान्य गुंतवणूकदारासाठी असा पहिला फंड काढला, तेव्हा ‘सरासरीवर समाधान मानणारा फंड’ म्हणून त्याची टवाळी झाली होती. आपल्याकडे बेंचमार्क म्युच्युअल फंडाने डिसेंबर २००१ मध्ये ‘निफ्टी बीज’ या नावाचा पहिला ईटीएफ आणला. मराठी वाचकाला हे नाव पेरणीचे वाटावे. प्रत्यक्षात ती इंग्रजी आद्याक्षरांची जुळणी आहे. पुढील कित्येक वर्षे सामान्य माणसाने त्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. ऑगस्ट २०१५ मध्ये मात्र एक महत्त्वाची गोष्ट घडली, आणि ज्यांच्या पैशांच्या बाबतीत ती घडली त्यांतील बहुतेकांना तिचा पत्ता नव्हता. कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटनेने नव्या जमेतील पाच टक्के रक्कम ईटीएफमध्ये घालावयास सुरुवात केली. २०१७ मध्ये हे प्रमाण पंधरा टक्क्यांवर नेण्यात आले. तेव्हा कुपवाडच्या किंवा साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतील ज्या कारकुनाची कपात या संघटनेकडे जमा होते, त्याने शेअर बाजाराचे नाव काढावयाचे नाही अशी शपथ घेतली असली तरी त्याच्या पैशाने ईटीएफ घेतले गेलेच आहेत. इतक्या मोठ्या निधीच्या विश्वस्तांनी शेअर निवडणारा व्यवस्थापक न नेमता निर्देशांकाचा मार्ग पत्करला, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

त्यांनी तो का पत्करला असावा, हे खर्चाच्या हिशेबावरून समजते. फंड चालविण्याचा खर्च दरवर्षी गुंतवणूकदाराच्याच रकमेतून वजा होतो. सेबीने २०१८ मध्ये ज्या मर्यादा घालून दिल्या, त्यांत व्यवस्थापकाच्या निवडीवर चालणाऱ्या खुल्या शेअर योजनांना पहिल्या पाचशे कोटींवर सव्वादोन टक्क्यांपर्यंत, तर निर्देशांक फंड व ईटीएफ यांना एक टक्क्यापर्यंत खर्चाची मुभा होती. प्रत्यक्षात निफ्टीवरील मोठ्या ईटीएफांचा खर्च शंभर रुपयांमागे वर्षाला दहा पैशांच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असतो. निर्देशांक फंडाच्या थेट योजनेत तो त्याहून थोडा अधिक, पण पैशांतच मोजावा इतका असतो. शंभराला एक-दीड रुपया म्हणजे काही मोठी रक्कम नव्हे, असे पहिल्या दर्शनी कोणासही वाटेल. गणिताच्या शिक्षकांनी हे उदाहरण वर्गात जरूर सोडवून घ्यावे : दरमहा तीन हजार रुपयांप्रमाणे पंचवीस वर्षांत नऊ लाख रुपये भरले गेले. दरसाल दहा टक्के वाढ मिळाली तर त्याचे सुमारे ३९ लाख ८० हजार होतात. नऊ टक्के मिळाली तर सुमारे ३३ लाख ६३ हजार. हे दर गृहीत धरलेले आहेत. बाजार असे कोणतेही वचन देत नाही. परंतु फरकाचे प्रमाण पाहण्यासारखे आहे. एका टक्क्याने सव्वासहा लाखांच्या घरातील रक्कम गेली. जन्मभर पोटाला चिमटा घेऊन जे नऊ लाख भरले, त्याच्या दोनतृतीयांशाहून ती थोडी अधिकच आहे.

ही रक्कम जाते कोणाकडे? काही व्यवस्थापकाकडे आणि काही एजंटाकडे. व्यवस्थापकाच्या बाजूने बोलावयाचे तर लहान व मध्यम कंपन्यांत, जेथे माहिती कमी आणि पारख अधिक लागते, तेथे कुशल निवडीला वाव असतो हे मान्य केले पाहिजे. मोठ्या कंपन्यांची गोष्ट निराळी. २०१७ च्या वर्गीकरणानुसार ‘लार्ज कॅप’ म्हणविणाऱ्या फंडाला ऐंशी टक्के रक्कम पहिल्या शंभर कंपन्यांतच ठेवावी लागू लागली. सर्वांनी त्याच शंभरांतून निवड करावयाची आणि त्या निवडीसाठी निर्देशांक फंडाच्या अनेक पट मोबदला घ्यावयाचा, हे पगारदाराने का सोसावे याचे समाधानकारक उत्तर मिळत नाही.

एजंटाचा प्रश्न अधिक नाजूक आहे, कारण तो हिशेबाचा जितका आहे तितकाच माणसांचा आहे. आपल्या भागात बचत नेहमी ओळखीच्या चेहऱ्यावर विश्वासून झाली. अण्णासाहेब चिरमुले यांनी १९१३ मध्ये साताऱ्यात वेस्टर्न इंडिया लाइफ इन्शुरन्स कंपनी आणि १९३६ मध्ये युनायटेड वेस्टर्न बँक स्थापन केली. सांगली बँक १९१६ ची. लोकांनी या संस्थांचे ताळेबंद वाचून पैसे ठेवले नव्हते, माणसे पाहून ठेवले होते. विम्याचा हप्ता नेणारे शेजारचे गुरुजी, पोस्टाच्या आवर्ती ठेवीचे पैसे दरमहा घरी येऊन नेणाऱ्या बाई, पगारदारांच्या पतसंस्थेचा सचिव : ही आपली बाजारपेठ. तिच्यात गोडवा होता आणि धोकाही होता. सप्टेंबर २००६ मध्ये युनायटेड वेस्टर्न बँकेच्या व्यवहारांवर निर्बंध आले आणि ऑक्टोबरात ती आयडीबीआय बँकेत विलीन झाली. सांगली बँक २००७ मध्ये आयसीआयसीआय बँकेत गेली. या दोन्ही ठिकाणी ठेवीदार वाचले. २००९ मध्ये सांगलीच्या वसंतदादा शेतकरी सहकारी बँकेचा परवाना रद्द झाला आणि डिसेंबर २०२० मध्ये कराड जनता सहकारी बँकेचा, तेव्हा मात्र विम्याच्या मर्यादेपलीकडील रकमेचे काय, हा प्रश्न ओळखीच्या चेहऱ्यांना सोडविता आला नाही. वाळवा तालुक्यातून २०१९ मध्ये बाहेर पडलेल्या कडकनाथ कोंबडीपालनाच्या प्रकरणात किंवा शेअर बाजारात पैसे लावून दरमहा ठराविक टक्के देऊ म्हणणाऱ्यांच्या दुकानांत लोक फसले, तेही बहुधा कोणा नातलगाच्या किंवा सहकाऱ्याच्या शब्दावरच.

म्हणून एजंट नकोच, असे म्हणावयाचे नाही. जानेवारी २०२० मध्ये ४२ हजारांच्या आसपास असलेला सेन्सेक्स २३ मार्च रोजी २६ हजारांखाली उतरला. त्या एकाच दिवसात तो तेरा टक्क्यांनी कोसळला. त्या आठवड्यात ज्या एजंटाने फोन करून ‘सर, आता काही विकू नका’ एवढे एक वाक्य सांगितले, त्याने आपला पुष्कळ वर्षांचा मोबदला वसूल करून दिला, कारण त्याच वर्षअखेरीस निर्देशांक ४७ हजारांवर गेला होता. परंतु दर वर्षी ‘हा फंड आता थंडावला, त्या दुसऱ्यात घालू’ असे सांगणारा एजंट आपल्यासाठी पळत नसून कमिशनसाठी पळत असतो. १ जानेवारी २०१३ पासून प्रत्येक फंडाला थेट योजना ठेवावी लागते आणि तीत एजंटाचा वाटा नसतो. शेअर योजनांत हा वाटा साधारणपणे वर्षाला अर्धा ते एक टक्का भरतो. तो पहिल्या वर्षापुरता नसून रक्कम असेपर्यंत चालू राहतो, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. फॉर्म भरून दिल्याबद्दलची ती एकदाची दक्षिणा आहे असेच ते समजत असतात.

येथवरचा सारा युक्तिवाद ईटीएफच्या बाजूला जातो असे वाटेल. परंतु दुसऱ्या प्रश्नाशी येताच चित्र पालटते. निर्देशांक स्वीकारला, एजंट टाळला. आता युनिट फंडाकडून घ्यावयाचे की बाजारातून?

याचे उत्तर सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे पाहिलेल्या माणसाला चटकन उमगेल. हळदीची प्रत तीच असते. पण ज्या दिवशी खरेदीदार थोडे, त्या दिवशी चांगल्या मालालाही पडता भाव मिळतो आणि ज्या दिवशी मागणीची चढाओढ, त्या दिवशी बेताच्या मालाचेही सोने होते. ईटीएफच्या युनिटाची गोष्ट अशीच आहे. त्याच्या पोटातील शेअरांचे मूल्य एक आणि बाजारात ते युनिट ज्या भावाला विकले जाते तो भाव दुसरा. हे दोन्ही जवळ राहावेत म्हणून व्यवस्था असते : मोठे दलाल फंडाकडून घाऊक युनिटे घेऊन बाजारात ओततात किंवा बाजारातून उचलून फंडाला परत करतात, आणि भाव व मूल्य यांतील तफावत त्यांच्या नफ्याच्या ओढीनेच मिटते. निफ्टीच्या मोठ्या ईटीएफांत हे यंत्र सुरळीत चालते. ज्यांत दिवसाकाठी फारशी उलाढालच होत नाही अशा ईटीएफांत मात्र खरेदीचा व विक्रीचा भाव यांत एवढे अंतर असते की, खर्चात वाचविलेले पैसे सौद्यातच जातात.

आणि कधी कधी हे यंत्रच अडते. २०२२ च्या प्रारंभी परदेशी शेअरांत पैसे घालण्याची फंडांवरील मर्यादा भरत आली, तेव्हा परदेशी निर्देशांकांवरचे काही ईटीएफ मूल्याहून बऱ्याच चढ्या भावाने विकले जाऊ लागले. ऑक्टोबर २०२५ मध्ये हाच प्रकार चांदीच्या बाबतीत घडला. धातूची चणचण झाली, चांदीच्या ईटीएफांचे भाव त्यांच्या मूल्याला सोडून वर गेले आणि चांदीच्या ईटीएफांत पैसे घालणाऱ्या योजनांत एकरकमी रक्कम घेणे काही फंडांना थांबवावे लागले. विटा-खानापूरकडचे गलाई व्यावसायिक साऱ्या हिंदुस्थानात सोने-चांदी गाळीत पसरले आहेत. वजन, कस आणि त्या दिवसाचा भाव यांचा हिशेब केल्याविना त्यांतील कोणी धातूला हात लावणार नाही. त्याच तालुक्यातील सुशिक्षित तरुण मात्र मोबाइलवर निव्वळ मूल्याचा आकडा न पाहता चढता भाव पाहून बटण दाबतो. हा आकडा गुप्त नसतो. तो दिवसभर जाहीर होत असतो. तो पाहावयाची सवय मात्र लागलेली नाही.

जुन्या वाचकांना येथे युनिट ट्रस्टची आठवण होईल. १९६४ मध्ये दहा रुपयांच्या युनिटांनी सुरू झालेली ‘यू.एस. ६४’ ही योजना पगारदारांच्या घरात जवळजवळ पोस्टाच्या बरोबरीने मानली जाई. तिचा भाव ट्रस्ट ठरवी. आत किती शिल्लक आहे हे लोकांना दिसत नव्हते. जुलै २००१ मध्ये सहा महिन्यांसाठी खरेदी-विक्री बंद झाली. पुढच्याच महिन्यात लहान धारकांसाठी तीन हजार युनिटांपर्यंत दहा रुपयांच्या दराने फेरखरेदीची सोय करण्यात आली, तेव्हा कितीतरी निवृत्तांनी आपल्या कागदांची खरी किंमत प्रथमच पाहिली. आज म्युच्युअल फंडाचे काय किंवा ईटीएफचे काय, निव्वळ मूल्य रोज जाहीर होते. अनुभवाने मिळविलेला हा हक्क आहे. तो न वापरणाऱ्याला २००१ चा दोष दुसऱ्याच्या माथी मारता येणार नाही.

ईटीएफविषयी दुसरी शंका माणसाच्या स्वभावासंबंधी आहे. त्यासाठी डीमॅट खाते लागते. त्याचा खर्च आता विशेष नाही : सप्टेंबर २०२४ पासून मूलभूत स्वरूपाच्या डीमॅट खात्यात चार लाखांपर्यंत रोखे असतील तर वार्षिक आकार नाही. परंतु ज्या पडद्यावर ईटीएफ दिसतो त्याच पडद्यावर कालच्या दिवसात वीस टक्के चढलेला शेअर दिसतो, आणि त्याच्याच खाली वायदे-पर्यायांचा जुगार मांडलेला असतो. दर महिन्याच्या पाच तारखेला बँकेतून आपोआप तीन हजार वळते होणे आणि दर महिन्याला आपण होऊन तो पडदा उघडून भाव पाहून खरेदी करणे, या दोन गोष्टी कागदावर सारख्या दिसल्या तरी पंचवीस वर्षे टिकण्याच्या दृष्टीने त्यांत महदंतर आहे. पहिलीत भिशीची शिस्त आहे. दुसरीत ‘आज भाव जरा वर आहे, पुढच्या आठवड्यात पाहू’ ही पळवाट. केंद्र सरकारच्या नोकरांसाठी १९६४ मध्ये केलेल्या वर्तणूक नियमांत शेअरांची वारंवार खरेदी-विक्री हा सट्टाच समजावा असे म्हटले आहे. ज्याने ती ओळ लिहिली, त्याला कचेऱ्यांतील माणसांची पारख होती असे दिसते.

तेव्हा प्रस्तुत लेखकाचा कौल असा : घरखर्चाच्या सहा-आठ महिन्यांइतकी रक्कम ठेवीत ठेवल्यानंतर, ज्या पैशाला पंधरा-वीस वर्षे हात लावावयाचा नाही, त्यासाठी सातारा-सांगलीच्या पगारदाराने निर्देशांक फंडाची थेट योजना घ्यावी. ईटीएफहून तिचा खर्च काही पैशांनी अधिक आहे. पण तीन हजार म्हणजे पुरते तीन हजार कामास लागतात, अपूर्णांकातील युनिटेही मिळतात, आणि भावाची घासाघीस उरत नाही. ज्याचे डीमॅट खाते आधीपासून आहे, ज्याला आपला भाव ठरवून मागणी नोंदविता येते आणि ज्याला इतर शेअर पाहून हुरळून जाण्याची खोड नाही, त्याने निफ्टीवरचा मोठ्या उलाढालीचा ईटीएफ खुशाल घ्यावा. त्याचे नुकसान होणार नाही. अशी माणसे आहेत, पण शिक्षककक्षात ईटीएफवर हिरिरीने बोलणाऱ्यांत ती क्वचितच असतात.

एका आक्षेपाकडे मात्र डोळेझाक करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. जिल्ह्याची बचत जिल्ह्याच्याच उद्योगाला लागावी, ही जुन्या बँका काढणाऱ्यांची धारणा होती. निर्देशांकात घातलेला कराडच्या शिक्षकाचा रुपया देशातील पन्नास बड्या कंपन्यांकडे वळतो आणि त्यांत सुमारे एकतृतीयांश वजन बँका व वित्तसंस्थांचेच असते. कराडच्या लोहाराला किंवा तासगावच्या बेदाणा उत्पादकाला त्यातून काही मिळत नाही. हे नुकसान खरे आहे आणि त्याची भरपाई कोणत्याही फंडात नाही. परंतु ज्याला निवृत्तिवेतन नाही अशा माणसाच्या म्हातारपणावर जिल्ह्याच्या विकासाचा भार टाकावा, हेही न्याय्य दिसत नाही. तो भार ज्यांनी उचलावयाचा त्या संस्थांनी आधी आपले ताळेबंद स्वच्छ ठेवावेत.

आणखी एक गोष्ट, जी करावयास पैसे लागत नाहीत. ज्यांची गुंतवणूक आज एजंटामार्फत आहे, त्यांना एप्रिल आणि ऑक्टोबर महिन्यांत सहामाही एकत्रित खातेउतारा ई-मेलने किंवा टपालाने येतो. सेबीच्या आदेशाने ऑक्टोबर २०१६ पासून त्यात, आपल्या गुंतवणुकीवर एजंटाला किती कमिशन दिले गेले, ते रुपयांत छापलेले असते. बहुतेकांनी तो उघडूनही पाहिलेला नसतो. तो काढावा, त्या आकड्याखाली पेन्सिलीने रेघ मारावी, आणि एजंट पुढच्या वेळी घरी चहाला येईल तेव्हा हा उतारा टेबलावर ठेवून त्या सहा महिन्यांत आपल्यासाठी त्याने काय केले ते विचारावे. ज्याच्याकडे उत्तर असेल त्याला ठेवावे.